मेंदूतील गाठीभोवतीची सूज : वेळीच निदान, मोजकाच उपचार

ठाणे, प्रतिनिधी - सकाळी उठताच डोके ठणकते, एखादी उलटी होते आणि दिवस चढेल तसा त्रास ओसरतो. अशी तक्रार असलेल्या रुग्णाचा प्रवास बहुधा पित्ताच्या गोळीपासून सुरू होतो. मग मायग्रेन आणि त्यानंतर चष्म्याचा नंबर. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात पहाटेची लोकल, अपुरी झोप आणि अवेळी जेवण ही कारणे हाताशीच असल्याने डोकेदुखीकडे फारसे लक्ष दिले जात नाही. बहुतेकांच्या बाबतीत ही कारणे खरीही असतात. थोड्या रुग्णांमध्ये मात्र त्यामागे मेंदूतील गाठ असते आणि रुग्णाला जाणवणारा त्रास पुष्कळदा गाठीपेक्षा तिच्याभोवती आलेल्या सुजेचा असतो.

ही सूज गाठीइतकीच, प्रसंगी गाठीहूनही अधिक लवकर जिवावर बेतू शकते. परंतु मेंदूच्या गाठीशी निगडित दुखण्यांपैकी औषधाला सर्वात लवकर दाद देणारेही तेच आहे. ज्या औषधाने ती उतरते, ते स्वस्त आणि कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणारे आहे. नेमक्या याच कारणामुळे ते मनाने सुरू करणे, वाढवणे किंवा एकाएकी बंद करणे असे प्रकार घडतात आणि त्यांचे परिणाम गंभीर असतात. दरवर्षी ८ जून रोजी पाळल्या जाणाऱ्या जागतिक ब्रेन ट्यूमर दिनी गाठीविषयी पुष्कळ बोलले जाते. सुजेविषयीची माहिती त्या मानाने कमी लोकांपर्यंत पोहोचते.

बंद कवटीतील जागेचा हिशेब

पायाला सूज आली तर कातडी ताणली जाते. मेंदूला ती सोय नाही. प्रौढ माणसाची कवटी ही सुमारे १४०० ते १५०० मिलिलिटर क्षमतेची बंद पेटी आहे. त्यातील साधारण ८० टक्के जागा मेंदूने, १० टक्के रक्ताने आणि १० टक्के मेंदूभोवतालच्या द्रवाने व्यापलेली असते. यापैकी एक घटक वाढला तर दुसऱ्याला जागा सोडावी लागते. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडलेला हा विचार आजही मेंदूवरील उपचारांचा पाया मानला जातो.

सुरुवातीला थोडा द्रव आणि थोडे रक्त बाहेर ढकलले जाऊन दाब सांभाळला जातो. ही सवड संपली की सुजेतील किंचित वाढही कवटीतील दाब झपाट्याने वाढवते. आठवडाभर जेमतेम डोके दुखणारा रुग्ण एका रात्रीत गुंगीत जातो, त्याचे कारण हे. पडून राहिल्यावर मेंदूतून रक्त परत वाहण्याचा वेग मंदावतो आणि झोपेत श्वसन संथ झाल्याने मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यामुळे हा त्रास पहाटे अधिक जाणवतो.

सूज का येते?

मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात. रक्तातील नको ते पदार्थ मेंदूत जाऊ न देणारी ही तटबंदी ‘रक्त-मेंदू अडथळा’ म्हणून ओळखली जाते. गाठ वाढू लागली की ती स्वतःच्या पोषणासाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करवून घेते. त्यासाठी ती ‘व्हीईजीएफ’ नावाचे प्रथिन सोडते. या नव्या वाहिन्या कच्च्या आणि गळक्या असतात. त्यांतून रक्तातील पाणी व प्रथिने पाझरतात आणि मेंदूच्या आतील श्वेतद्रव्यात पसरतात.

इगोर क्लात्सो या शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये मेंदूच्या सुजेचे दोन मुख्य प्रकार सांगितले. वाहिन्यांच्या गळतीने येते ती ‘व्हेसोजेनिक’ सूज आणि पेशींनाच इजा होऊन त्या फुगतात ती ‘सायटोटॉक्सिक’ सूज. गाठीभोवतीची सूज प्रामुख्याने पहिल्या प्रकारची असते, तर पक्षाघातात दुसरा प्रकार आधी दिसतो. हा फरक उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या प्रकारात होतो, पक्षाघाताच्या सुजेत होत नाही.

सुजेचे प्रमाण गाठीच्या आकारावर अवलंबून नसते. ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूतच उद्भवणारी आक्रमक गाठ आणि फुप्फुस, स्तन आदी अवयवांच्या कर्करोगातून मेंदूत पसरलेल्या गाठी यांच्याभोवती सूज विशेष असते. बोराएवढ्या गाठीभोवतीही मोठी सूज आढळते. मेंदूच्या आवरणातून निघणारी मेनिंजिओमा ही बहुधा कर्करोगाची नसलेली गाठ. पण काही रुग्णांमध्ये तिच्याभोवतीही बरीच सूज येते. लहान मेंदूलगतच्या गाठी द्रवाचा मार्ग अडवतात. तेथे मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साठते. ही वेगळी अडचण आहे आणि तिच्यावरचा इलाजही वेगळा आहे.

लक्षणे कोणती?

वाढलेल्या दाबाची लक्षणे म्हणजे सकाळची डोकेदुखी, खोकताना किंवा वाकताना वाढणारी कळ, उलट्या, धूसर किंवा दुहेरी दिसणे आणि वाढती सुस्ती. त्यांच्या जोडीला, सूज मेंदूच्या ज्या भागात असेल त्या भागाची लक्षणे येतात. एका बाजूचा हातपाय जड होणे, शब्द न आठवणे, तोल जाणे, आकडी येणे ही त्यातील प्रमुख. कपाळामागच्या भागात सूज असल्यास पहिला बदल स्वभावात दिसतो. हिशेबात पक्का माणूस पैशाचे व्यवहार विसरू लागतो किंवा शांत माणूस चिडचिडा होतो. वयोमानाचा परिणाम समजून घरचे त्याकडे दुर्लक्ष करतात.

प्रत्येक डोकेदुखीमागे गाठ असते असे मुळीच नाही. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, आठवड्यागणिक वाढत जाणारी, झोपेतून जागे करणारी किंवा वरीलपैकी एखाद्या लक्षणासोबत येणारी डोकेदुखी मात्र तपासलीच पाहिजे. प्रौढ वयात पहिल्यांदा आलेली आकडी हेही स्कॅन करून घेण्याचे पुरेसे कारण आहे.

निदान कसे होते?

पहिली आणि सर्वात स्वस्त तपासणी डोळ्यांची आहे. बाहुली मोठी करून डोळ्याच्या मागच्या पडद्याची पाहणी केली असता, डोळ्याच्या नसेच्या मुखाशी सूज दिसल्यास कवटीतील दाब वाढल्याचा सबळ संशय येतो. चष्म्याचा नंबर तपासायला गेलेल्या रुग्णाची गाठ अशा रीतीने उघडकीस येऊ शकते. मात्र ही सूज दिसली नाही म्हणून दाब वाढलेला नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

त्यानंतर स्कॅन. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूची प्रतिमा घेण्यात आली. तोवर मेंदूची सूज जिवंत माणसात थेट पाहण्याचा मार्ग नव्हता. सीटी काही मिनिटांत होतो, म्हणून आणीबाणीत तो आधी केला जातो. सुजलेला भाग त्यात काळपट आणि बोटांसारखा पसरलेला दिसतो. मेंदूचे दोन अर्ध सांधणारी मध्यरेषा किती मिलिमीटर सरकली आहे, पोकळ्या दबल्या आहेत का आणि रक्तस्राव आहे का, हेही कळते.

नेमके निदान मात्र एमआरआयवर ठरते. त्यातील ‘फ्लेअर’ प्रकारच्या प्रतिमेत सूज पांढरी उठून दिसते, तर गॅडोलिनियमचे इंजेक्शन दिल्यावर गाठीचा गळका भाग उजळतो. दोन्ही प्रतिमा शेजारी ठेवल्या की गाठ किती आणि सूज किती याचा अंदाज येतो. अहवालात ‘पेरिलिजनल इडिमा’ असे शब्द असतील तर त्याचा अर्थ गाठीभोवतीची सूज असा आहे.

दाब वाढल्याचा संशय असताना स्कॅन न करता पाठीच्या कण्यातून पाणी काढणे धोक्याचे असते. खालचा दाब एकदम कमी झाल्यास मेंदू खाली सरकून श्वसनकेंद्रावर दाब येऊ शकतो.

प्रत्येक सूज गाठीची नसते

स्कॅनमध्ये कडीसारखी गाठ आणि भोवती सूज दिसली की घरच्यांच्या मनात प्रथम कर्करोग येतो. आपल्याकडे मात्र क्षयरोगाची गाठ, म्हणजे ट्यूबरक्युलोमा, आणि फीतकृमीच्या अळीमुळे होणारा न्यूरोसिस्टिसर्कोसिस हेही असेच चित्र दाखवतात. मेंदूतील पू, म्हणजे ॲब्सेसही तसाच दिसतो. हे आजार वेगळ्या औषधांनी बरे होऊ शकतात. छातीचा एक्स-रे, रक्ततपासणी, एमआरआयमधील विशेष प्रतिमा आणि गरज पडल्यास बायोप्सी यांतून उलगडा होतो.

मेंदूतील लिम्फोमाचा संशय असेल आणि रुग्णाची प्रकृती स्थिर असेल, तर बायोप्सी होईपर्यंत स्टिरॉइड टाळण्याचा प्रघात आहे. स्टिरॉइडने ही गाठ काही काळ विरघळल्यासारखी होते आणि बायोप्सीत काहीच हाती लागत नाही. म्हणूनच कोणत्याही डॉक्टरकडे जाताना आधी स्टिरॉइड घेतले असल्यास ते न विसरता सांगावे.

साठ वर्षांहून जुने औषध

सुजेवरचे मुख्य औषध डेक्सामेथासोन. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील गॅलिसिच आणि फ्रेंच या शल्यविशारदांनी मेंदूच्या गाठींच्या रुग्णांवर त्याचा वापर केला आणि १९६१ मध्ये त्याचे परिणाम प्रसिद्ध झाले. गुंगीतील रुग्ण एक-दोन दिवसांत बोलू लागल्याचे दिसल्याने शस्त्रक्रियेतील चित्रच पालटले. हे औषध वाहिन्यांची गळती कमी करते. इतर स्टिरॉइडच्या तुलनेत शरीरात मीठ-पाणी साठवण्याचा त्याचा गुण नगण्य असल्याने मेंदूसाठी तेच निवडले जाते. करोनाच्या साथीत, जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीनंतर घराघरांत पोहोचलेले डेक्सामेथासोन हेच.

तीव्र लक्षणे असतील तर सुरुवातीला १० मिलिग्रॅम आणि नंतर दिवसाला १६ मिलिग्रॅमपर्यंत, अशी मात्रा रूढ आहे. सौम्य लक्षणांत दिवसाला ४ ते ८ मिलिग्रॅम बहुधा पुरते. नेदरलँड्समध्ये १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मेंदूत पसरलेल्या कर्करोगाच्या आणि तातडीचा धोका नसलेल्या रुग्णांमध्ये ४ मिलिग्रॅमचा आठवड्यानंतरचा परिणाम १६ मिलिग्रॅमइतकाच आढळला. दुष्परिणाम मात्र मोठ्या मात्रेत अधिक होते. स्कॅनमध्ये सूज दिसते पण रुग्णाला काहीच त्रास नाही, अशा वेळी स्टिरॉइडची गरज बहुधा नसते. ‘गरजेपुरते, कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस’ हे आजचे सूत्र आहे. ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांत स्टिरॉइडचा अधिक वापर आणि कमी आयुर्मान यांचा संबंध काही अभ्यासांत आढळल्याने हे सूत्र अधिक काटेकोरपणे पाळले जाऊ लागले आहे.

औषधाची दुसरी बाजू

डेक्सामेथासोनने रक्तातील साखर वाढते. मधुमेह नसलेल्यांमध्येही ती वाढू शकते, मग मधुमेहींबाबत सांगायलाच नको. रोगप्रतिकारशक्ती घटल्याने तोंडात पांढरे चट्टे येणे, जुना क्षयरोग उफाळणे, न्यूमोनिया होणे असे धोके संभवतात. वाढलेली साखर आणि स्टिरॉइड एकत्र आल्यावर काय होते, हे महाराष्ट्राने २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या रूपाने पाहिले आहे. झोप उडणे, चिडचिड, भूक वाढणे, चेहरा सुजणे, जठरातील व्रण आणि हाडांचा ठिसूळपणा हेही नित्याचे परिणाम आहेत. झोपेचा त्रास टाळण्यासाठी गोळ्या सकाळी आणि दुपारी, पोटात अन्न असताना घेण्यास सांगितले जाते.

हमखास नजरेआड होणारा परिणाम म्हणजे मांड्यांच्या स्नायूंची अशक्तता. रुग्णाला जमिनीवरून उठता येत नाही, भारतीय पद्धतीच्या शौचालयाचा वापर अवघड होतो आणि लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीचा जिना चढवत नाही. गाठ वाढली असे समजून घरचे हबकतात आणि कधी स्टिरॉइडची मात्राच वाढवली जाते. दोन्ही पायांची अशक्तता सारखी असेल तर औषधाचा दुष्परिणाम आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.

सर्वात मोठा धोका औषध एकाएकी थांबवण्यात आहे. दोन-तीन आठवडे बाहेरून स्टिरॉइड मिळाले की शरीरातील ॲड्रिनल ग्रंथी आपले काम आवरते घेतात. गोळी अचानक बंद झाल्यास सूज उलटतेच. शिवाय रक्तदाब आणि साखर घसरून रुग्ण कोसळू शकतो. म्हणून मात्रा पायरीपायरीने, काही दिवसांच्या अंतराने उतरवली जाते. ‘बरे वाटते, आता गोळ्या कशाला’ हा विचार येथे महागात पडतो.

गोळ्यांच्या ताकदीचा घोळही ध्यानात घ्यावा. ही गोळी ०.५ मिलिग्रॅममध्ये मिळते आणि ४ मिलिग्रॅममध्येही. दोहोंत आठपटीचे अंतर आहे. ‘सकाळी एक, दुपारी एक’ एवढेच लक्षात ठेवून दुकानातून दुसऱ्या ताकदीची पट्टी आणली तर मात्रा आठपट वाढते किंवा एक अष्टमांशावर येते. आकडी थांबवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइनने डेक्सामेथासोनचा प्रभाव घटतो; लेव्हेटिरासिटॅममध्ये ही अडचण नाही. औषध बदलताना हेही पाहिले जाते.

आणीबाणीत काय केले जाते?

रुग्ण हाकेला ओ देईनासा झाला, एका डोळ्याची बाहुली मोठी झाली, नाडी मंदावून रक्तदाब वाढू लागला, तर मेंदू जागेवरून सरकत असल्याचा तो इशारा असतो. येथे स्टिरॉइडचा परिणाम होईपर्यंत थांबता येत नाही. डोके ३० अंश उंच आणि मान सरळ ठेवणे, प्राणवायू देणे आणि मॅनिटॉल किंवा ३ टक्के मिठाचे सलाईन शिरेतून देणे हे पहिले उपाय आहेत. मॅनिटॉल मेंदूतील पाणी रक्तात खेचून घेते. त्याची मात्रा वजनावर ठरते. २० टक्के मॅनिटॉलच्या १०० मिलिलिटर बाटलीत २० ग्रॅम औषध असते. ६० किलोच्या रुग्णाला किलोमागे अर्धा ग्रॅम द्यायचे झाल्यास दीड बाटली लागते. मूत्रपिंडाचे काम आणि रक्तातील क्षार तपासूनच ते पुन्हा देतात. हा परिणाम काही तासांचा असतो, कायमचा इलाज नव्हे.

अशक्तपणासाठी जवळच्या दवाखान्यात ‘ग्लुकोजचे सलाईन’ लावून घेण्याची सवय येथे घातक ठरू शकते. ५ टक्के ग्लुकोजमधील साखर शरीरात वापरली गेली की उरलेले निव्वळ पाणी मेंदूत शिरते आणि सूज वाढते.

मुळावर घाव

सुजेचा खरा इलाज गाठीवरचा इलाज आहे. शक्य असेल तेथे शस्त्रक्रियेने गाठ काढली की गळतीचा उगमच जातो. पोकळ्यांत पाणी साठले असल्यास शंट बसवून किंवा दुर्बिणीद्वारे मार्ग करून दिला जातो. रेडिएशनच्या काळात सूज तात्पुरती वाढू शकते. रेडिएशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, उपचार झालेल्या जागी मृत पेशींभोवती पुन्हा सूज येते. ती उलटलेल्या गाठीसारखी दिसते. स्टिरॉइडला दाद न देणाऱ्या अशा निवडक रुग्णांत बेव्हॅसिझुमॅब हे व्हीईजीएफला रोखणारे औषध वापरले जाते. ते महाग आहे; रक्तस्राव आणि जखम न भरणे हे त्याचे धोके आहेत.

आयुर्वेदातील शल्लकी, म्हणजेच सालईच्या डिंकाविषयी अनेक जण विचारणा करतात. रेडिएशन घेणाऱ्या ४४ रुग्णांवरील जर्मन चाचणीत, २०११ मध्ये, त्याने सूज कमी झाल्याचे दिसले. चाचणी लहान होती. त्याच्या भरवशावर डेक्सामेथासोन सोडणे योग्य नाही आणि घ्यायचे असल्यास डॉक्टरांना कळवूनच घ्यावे.

ठाणे ते परळ : मधला काळ

जिल्ह्यातील रुग्णांची खरी अडचण दोन भेटींच्या मधल्या काळात असते. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही महापालिकांची रुग्णालये जवळची असली, तरी मेंदूच्या गाठीवरील पुढील उपचारांसाठी पुष्कळ कुटुंबे परळचे केईएम, शीव रुग्णालय किंवा १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय गाठतात. टाटाचे खारघर येथील ॲक्ट्रेक केंद्र ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने गाठता येते. कल्याण ते दादर हे लोहमार्गाचे अंतर सुमारे ४५ किलोमीटर आहे. स्टिरॉइड उतरवण्याचा काळ रुग्ण याच अंतरापलीकडे, घरी काढतो. तारीख हुकली, गोळ्या संपल्या, चिठ्ठी हरवली की घोटाळा होतो.

यावर उपाय साधा आहे. घरी जाताना कोणत्या तारखेला किती मिलिग्रॅम, याचा लेखी तक्ता मागून घ्यावा आणि घराजवळच्या फॅमिली डॉक्टरांना त्याची प्रत द्यावी. तारीख हुकल्यास गोळ्या थांबवू नयेत, रुग्णालयाशी संपर्क साधावा. रात्री प्रकृती बिघडल्यास थेट परळ गाठण्याचा अट्टहास न करता, सीटी स्कॅन आणि अतिदक्षता विभाग असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे आधीच ठरवून ठेवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांतील मेंदूच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. राज्य सरकारच्या २०२३ च्या निर्णयानुसार या योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आले. रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका व ओळखपत्रासह चौकशी करावी.

घरच्यांनी हे लक्षात ठेवावे

- डेक्सामेथासोन मनाने सुरू, कमी किंवा बंद करू नये. पट्टीवरील मिलिग्रॅम प्रत्येक खरेदीच्या वेळी वाचावेत.
- गोळ्या सुरू असेपर्यंत साखर नियमित तपासावी. ताप, खोकला, तोंडातील चट्टे किंवा काळी शौच झाल्यास लगेच कळवावे.
- उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. इंजेक्शनची गरज पडू शकते.
- झोपताना डोक्याकडची बाजू उंच ठेवावी. मान मुडपेल अशा उशा रचू नयेत.
- आकडी आल्यास रुग्णाला कुशीवर वळवावे. तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. आकडी ५ मिनिटांहून अधिक चालल्यास किंवा लागोपाठ आल्यास रुग्णालय गाठावे.
- आकडी येणाऱ्या रुग्णाने वाहन चालवू नये, लोकलच्या दारात किंवा फलाटाच्या कडेला उभे राहू नये.
- ताप, अपघात किंवा दुसरी शस्त्रक्रिया असल्यास स्टिरॉइड सुरू असल्याचे किंवा नुकतेच थांबवल्याचे आधी सांगावे.
- वाढती गुंगी, असह्य डोकेदुखी, नवा लकवा किंवा अचानक दिसेनासे होणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट पाहू नये.

मेंदूतील गाठीचे पुढे काय होणार, हे गाठीच्या प्रकारावर अवलंबून असते आणि ते नेहमीच हाती नसते. सुजेचे तसे नाही. ती वेळीच ओळखली, औषध मोजून दिले आणि मोजूनच उतरवले, तर रुग्णाला बोलता-चालता राहून पुढच्या उपचारांना सामोरे जाता येते. हातातील तक्ता आणि पट्टीवरील मिलिग्रॅमचा आकडा यांची रोज सांगड घालणे हे काम मात्र घरच्यांनाच करावे लागते.